निकमकाकांचे ‘अगं’

निकमकाकांच्या कॉम्प्युटरमधले सगळे ‘अगं’ मी पुसले. हेतू वाईट नव्हता, मदतच करायची होती. पण पुसले ते मीच.

काका आमच्या पाथर्डी फाट्याच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतात. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. घरातली कुठली वस्तू कुठे असते, हे त्यांना कधीच कळलं नाही. “अगं, चष्मा?” म्हणायचं, की काकू आणून द्यायच्या. काकू नातवाला सांभाळायला तीन महिन्यांसाठी पुण्याला गेल्या, त्याला आता दुसरं वर्ष लागलंय. काका जात नाहीत. तिकडे झोप लागत नाही म्हणतात.

मग मुलाने कॉम्प्युटर आणून दिला, सगळे कागद स्कॅन केले आणि सांगितलं, बाबा, फोल्डरबिल्डर विसरा. फाइलला नाव द्या, सर्चमध्ये तेच टाइप करा, लगेच सापडेल. काकांनी नावं दिली ती अशी: ‘अगं लाईटबिल’. ‘अगं माझ्या दाढेचा एक्सरे’. ‘अगं ते चांदवडच्या उताऱ्याचं’. टाइप केलं की फाइल हजर. “ही ओरडत नाही रे,” मला म्हणाले. एकदम दहा फायली आल्या तर दटावायचे, “सगळं कपाट नको उपसू.” एखादी नाहीच आली, तर ऐकू गेलं नसेल म्हणून ‘अगं ए’ टाइप करायचे.

मला शिस्तीची खोड. एकदा अँटीव्हायरस बघायला बोलावून काका चहा टाकायला गेले. त्यांचा चहा म्हणजे पाऊण तास. आधी साखर सापडायला हवी. तेवढ्यात मी एकूण एक ‘अगं’ काढला आणि सांगायचं विसरलो.

दुसऱ्या दिवशी पेन्शनचा कागद बँकेत द्यायचा होता. काका बनियनवरच खाली आले. म्हणाले, ‘अगं पेन्शन’ म्हटलं, काही नाही. ‘अगं ए पेन्शन’, तरी नाही. मी वर जाऊन नुसतं ‘पेन्शन’ टाइप केलं. कागद समोर. बघा काका, सगळं आहे, फक्त अगं म्हणायची गरज नाही, असं मी समजावलं.

काकांनी कागदाकडे बघितलंही नाही.

“मला वाटलं, ही पण पुण्याला गेली.”

मी खुर्ची ओढली आणि एकेका फाइलला ‘अगं’ परत लावत बसलो. काका शेजारी बसून राहिले. शेवटी म्हटलं, “काका, चुकलं माझं.”

“मला काय सांगतोस? तिला सांग.”

मी सर्चवर गेलो. आमची तेवढी सलगी नाही, म्हणून जपून टाइप केलं: ‘अहो काकू, चुकलं माझं.’