सात नंबरची बाटली

बिअर कोणीही पितो. बिअर ओळखणारा मात्र हजारात एक! आमच्या हॉक्सली गावाची वस्ती जेमतेम नऊशे असल्यामुळे तो एक म्हणजे मीच, याबद्दल माझ्या मनात तरी कधी शंका नव्हती.

मी नॉरिस टनिक्लिफ. तीस वर्षं बसमध्ये तिकिटं तपासली. चेहऱ्यावरून विनातिकीट माणूस ओळखायचो आणि एका घोटावरून एल, म्हणजे आमच्याकडची बिअर. बिअरच्या कारखान्यांचं बर्टन शहर इथून आठ मैलांवर. तिथल्या पाण्याची पेल एल म्हणजे आमच्याकडे पेय नाही, घराण्याची अब्रू आहे! रंग तांब्याच्या भांड्यावर ऊन पडल्यासारखा, वर दोन बोटं पांढरा फेस, आधी भाजलेल्या बिस्किटाची चव आणि मग हॉप्सच्या फुलांचा तो सावकाश चढणारा कडवटपणा. हे सगळं मी डोळे मिटून सांगू शकतो, आणि पबात न विचारता सांगतोही.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी गावाचं प्रदर्शन भरतं. फुलं, भाज्या, केक, लोणची, आणि शेवटी ज्यासाठी सगळे येतात ती घरी बनवलेल्या पेल एलची स्पर्धा. बक्षीस म्हणून चांदीचा कप मिळतो, पण खरा मान वेगळाच. जिंकणाऱ्याची एल ‘तीन कावळे’ या आमच्या पबात नाताळापर्यंत पिंपातून विकली जाते! गेली तीन वर्षं तो मान माझा शेजारी हेडली बॅगनल पटकावत होता. कप त्यानं खिडकीत ठेवला होता. तोही आमच्या बाजूच्या खिडकीत!

यंदा नेहमीच्या परीक्षकांचं पित्ताशय ऐनवेळी बिघडलं आणि समितीनं मला विचारलं. मी दोन सेकंद विचार केल्यासारखं दाखवलं आणि हो म्हटलं.

घरी येऊन ग्वेंडाला, म्हणजे बायकोला, बातमी दिली. ती चहा ओतत होती. कप भरला, बशी भरली, टेबलक्लॉथ भिजला तरी ओततच राहिली.

“तू? परीक्षक? एलचा?”

“का? नको होऊ?”

“छे! छान आहे की,” ती म्हणाली, पण आवाज असा, की जणू मी छप्पर उडाल्याची बातमी दिली होती. मला वाटलं, बिचारीचा ऊर अभिमानानं भरून आलाय!

शनिवारी सकाळी दहाला मी टाय लावून तंबूत हजर. दुसऱ्या परीक्षक मेलरबाई आधीच येऊन बसल्या होत्या. बाईंनी बर्टनच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळलेली. बोलणं मोजकं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि नजर अशी की समोरचं दूध आपोआप फाटावं.

“टनिक्लिफसाहेब, नऊ बाटल्या आहेत. नावं झाकलेली, फक्त नंबर. पन्नासपैकी गुण आणि खाली शेरा. निकालानंतर प्रत्येक शेरा बनवणाऱ्याच्या नावासकट बाटलीशेजारी लावतात. दोन बाटल्यांच्या मध्ये पाणी आणि कोरा पाव. दुसरं काही तोंडात घालायचं नाही.”

“बाई, मला शिकवताय?” मी हसलो. बाई हसल्या नाहीत.

पहिल्या सहा बाटल्या मी थाटात उरकल्या. पेला उजेडात धरायचा, हुंगायचा, भुवया वर न्यायच्या, घोट घ्यायचा, भुवया खाली आणायच्या. बाहेरून वाकून पाहणाऱ्यांवर काय छाप पडत होती म्हणून सांगू! पण टायच्या गडबडीत नाश्ता राहिला होता. पोटात कावळे ओरडत होते, आणि शेजारच्याच टेबलावर निकाल लागून गेलेली व्हिनेगरमधल्या कांद्यांची एक बरणी उघडी होती. काटासुद्धा खोचून ठेवलेला! मेलरबाई वहीत डोकं घालून लिहीत होत्या. मी एक कांदा उचलला आणि अख्खा तोंडात टाकला.

झणझणीत! डोळ्यांतून पाणी आलं, कानांतून वाफ गेली. पाण्याचा घोट घेतला, बाईंकडे पाहून साळसूदपणे मान हलवली आणि सात नंबरचा पेला उचलला.

अरेरे! काय सांगू! आंबट, खारट, उग्र! आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हेडली! गेल्या आठवड्यात कुंपणापलीकडून तो ओरडला होता, “नॉरिस, लेका, यंदा नवीन प्रयोग केलाय, दचकशील!” हाच तो प्रयोग! तीन वर्षं खिडकीतल्या कपानं भाजलेलं माझं काळीज एकदम गार झालं. मी पेन उचललं. पन्नासपैकी नऊ गुण दिले, आणि शेरा लिहिला. शेरा कसला, काव्यच ते! खाली वेळही टाकली, अकरा वाजून दहा मिनिटं. महत्त्वाच्या कागदावर वेळ टाकायची बसखात्यातली सवय.

आठ आणि नऊ नंबर कसेबसे संपवून मी जेवणाच्या तंबूत गेलो. तिथं माझी मेहुणी डिलिस सँडविच खात बसली होती. ग्वेंडाची धाकटी बहीण. पोटात काही राहत नाही असं जे माणूस असतं, ते.

“भाऊजी! झालं परीक्षण? सात नंबरची कशी वाटली?”

“सात? अगं, तिचं नाव काढू नकोस! अशी धुलाई केलीय की बनवणारा महिनाभर तोंड दाखवणार नाही!”

डिलिसच्या हातातलं सँडविच उघडलं. काकडी खाली पडली.

“भाऊजी... ती ताईची आहे.”

“कुठल्या ताईची?”

“मला ताया किती आहेत, भाऊजी? एकच! तुमच्या घरात राहते ती!”

मी खुर्ची शोधली. ती माझ्याच खाली होती. डिलिस भडाभडा सांगत सुटली. ताई सहा महिने दर मंगळवारी तिच्या गॅरेजमध्ये एल बनवत होती. चार वेळा बिघडली, ओतून दिली, पाचव्यांदा जमली. फॉर्म भरून झाला आणि दुसऱ्याच दिवशी मी परीक्षक झाल्याची बातमी! नावं झाकलेली असतात म्हणून नियमात बसत होतं, पण मला सांगितलं असतं तर लबाडी झाली असती. म्हणून बिचारी गप्प बसली.

मंगळवारी! मंगळवारी ती चर्चच्या गायनवर्गाला जाते अशी माझी समजूत होती. सहा महिने गाऊनही हिचा सूर कसा लागत नाही, याचं मला नवल वाटायचं. दर मंगळवारी घरी यायची ती हॉप्सच्या वासात न्हाऊन, आणि मी, नऊशे वस्तीत एक, तिला म्हणायचो, “चर्चमध्ये नवीन मेणबत्त्या आणल्या वाटतं!”

मी परीक्षणाच्या तंबूकडे धावलो. त्रेसष्टाव्या वर्षी धावणं म्हणजे काय, हे वाटेतल्या कुंड्यांना विचारा.

“मेलरबाई! सात नंबर मला पुन्हा चाखायचीय!”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “का?”

“मनाला लागून राहिलंय. अन्याय झाल्यासारखं वाटतंय.”

बाईंनी चष्मा वर सरकवला. मग त्यांनी पाव पुढे केला, तीन पेले पाणी प्यायला लावलं आणि बाटली ओतली.

मी हुंगलं. थांबलो. पुन्हा हुंगलं. भाजलेलं बिस्किट, त्यामागे संत्र्याची साल... घोट घेतला. आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला! कडवटपणा कसा यावा? दारावर टकटक करून, पाय पुसून, हळूच आत यावा, तसा आला. पिण्याच्या बेचाळीस वर्षांत अशी एल मी प्यायलो नव्हतो, आणि ती माझ्या बायकोनं बनवली होती!

नवं कार्ड मागून घेतलं. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. “आणि ते जुनं द्या ना, फाडून टाकतो.”

“कार्ड फाडत नाहीत,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी ते फाईलमध्ये ठेवून फाईल मांडीवर घेतली.

तीन वाजता सगळं गाव मैदानावर जमलं. पाद्रीसाहेबांनी कर्णा तोंडाशी धरला. “तिसरा क्रमांक...” टाळ्या. “दुसरा क्रमांक, हेडली बॅगनल!” हेडलीचा चेहरा असा झाला, जणू त्यालाच कुणी व्हिनेगरमध्ये घातलंय. “आणि पहिला क्रमांक, सात नंबर! ग्वेंडा टनिक्लिफ!”

दोन-चार टाळ्या. मग मागून कुणीतरी खाकरलं. आणि हेडली उभा राहिला.

“वा रे वा! बायको एल बनवणार, नवरा कप देणार! पुढच्या वर्षी सासूलाही उभी करा!”

“अगदी बरोबर!” कुणीतरी ओरडलं. “आम्ही कशाला बाटल्या घासल्या मग?”

“पुन्हा चाखून गुण वाढवलेत त्यानं! मी तंबूबाहेरून पाहिलं!” लोणच्याच्या टेबलाकडून आवाज आला.

गलका वाढला. पाद्रीसाहेब कर्ण्यातून “बंधूंनो, बंधूंनो” करत होते. डिलिस रडायला लागली होती. ग्वेंडा मात्र तशीच उभी. कप दोन्ही हातांत धरलेला. मग तिनं सावकाश तो पाद्रीसाहेबांपुढे केला. परत करायला!

चार वेळा ओतून दिलेली एल. सहा महिन्यांचे मंगळवार. ते माझ्यानं बघवेना. एकच पुरावा होता. मी मेलरबाईंच्या मांडीवरची फाईल ओढली, पाद्रीसाहेबांच्या हातातला कर्णा ओढला आणि मंचावर चढलो.

“ऐका! बायकोला कप मीच दिला म्हणताय ना? मग अकरा वाजून दहा मिनिटांनी, ही कुणाची एल आहे हे माहीत नसताना, मी काय लिहिलं ते ऐका!”

घसा खाकरला. वाचू लागलो.

“‘रंग डबक्यातल्या पाण्याचा. वास पावसात भिजलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या पांघरुणाचा.’”

मैदानावर एक हुंकार उठला.

“‘चव घेताना मला माझे जुने मोजे आठवले, आणि मोजे बरे वाटले. ही एल ज्यानं बनवली त्याला घरच्यांनी प्रेमानं पण ठामपणे विणकाम शिकवावं. त्याच्याबरोबर संसार करणाऱ्या माणसाची मला मनापासून कीव येते.’”

संपलं! नऊशे माणसं एकदम हसत सुटली! पाद्रीसाहेब मंचाचा खांब धरून हसत होते. केकच्या टेबलावरच्या दोन बायकांना खुर्चीत बसवावं लागलं. हेडली हसता हसता वाकला, वाकता वाकता बक्षीसपात्र भोपळ्यावर बसला आणि तिथूनच ओरडला, “पण मग गुण का वाढवलेस, लेका?”

“कारण पहिल्यांदा चाखताना माझ्या तोंडात कांदा होता!” मी ओरडलो. “लोणच्याचा कांदा! अख्खा! चोरून खाल्लेला!”

यावर तर टाळ्याच पडल्या. हेडली भोपळ्यावरून उठला, डोळे पुसत आला आणि त्यानं माझा हात हातात घेतला. “पटलं. माहीत असताना बायकोबद्दल हे लिहिणारा नवरा जिवंतच राहिला नसता!” मग ग्वेंडाकडे वळून त्यानं टोपी काढली. “ग्वेंडाबाई, कप तुमचाच. आणि तुमची कीव पण आम्हालाच येते.”

ग्वेंडानं कप पुन्हा छातीशी धरला. तीही हसत होती. त्या हसण्यात मला थोडंसं काहीतरी निराळं दिसलं, पण म्हटलं, आनंद झाला की माणूस असं हसतं!

संध्याकाळी आम्ही दोघं शेतातल्या पायवाटेनं घरी निघालो. कप मी घेतला होता, निदान तेवढं तरी! अर्ध्या वाटेवर तिनं माझी बाही ओढली.

“नॉरिस, एक विचारू? दुसऱ्यांदा चाखलीस तेव्हा ती माझी आहे हे तुला माहीत होतं?”

मी कप या हातातून त्या हातात घेतला.

“खरं सांग. डिलिसनं मला सगळं सांगितलंय.”

“होतं,” मी म्हटलं. “पण शपथ घेऊन सांगतो, एल खरंच अप्रतिम होती! म्हणजे... मला तरी तसंच वाटलं. आता कांदा उतरला होता म्हणून वाटलं, की तुझी भीती चढली होती म्हणून, हे मात्र मी छातीठोकपणे नाही सांगू शकत.”

ती थांबली. मला वाटलं, आता कप डोक्यात बसणार. पण ती शांतपणे म्हणाली, “काही बिघडत नाही. तुझे गुण धरलेच नव्हते.”

“म्हणजे?”

“मेलरबाईंनी तुला कांदा खाताना पाहिलं होतं. सातपासूनचे तुझे सगळे गुण त्यांनी तिथल्या तिथे खोडले. दुसऱ्यांदा दिलेले अठ्ठेचाळीसही. माझा नंबर त्यांच्या एकट्यांच्या गुणांवर आला. निकालाच्या आधी मला बाजूला घेऊन सांगितलं त्यांनी.”

मी वाटेतच उभा राहिलो. डोळ्यांपुढे ते मैदान, तो कर्णा, ते मोजे!

“आधी? म्हणजे गलका झाला तेव्हा तुला माहीत होतं? मग एका वाक्यात मिटलं असतं ना ग्वेंडा! बाई का नाही बोलल्या? तू का नाही बोललीस?”

“मी कप पाद्रीसाहेबांकडे द्यायला गेले ते कर्णा घ्यायला हात मोकळे हवे होते म्हणून,” ग्वेंडा म्हणाली. “मीच सांगणार होते, म्हणून बाईंनाही थांबवलं. पण तेवढ्यात तू वाचायला लागलास. पहिली ओळ ऐकली, आणि म्हटलं, एवढं मन लावून लिहिलंय माणसानं, पूर्ण वाचू दे!”