रक्षाची दोन मिलिमीटरची नळी

एकोडीच्या तुलारामच्या चार वर्षांच्या रक्षाचा ताप सहाव्या दिवशी उतरला आणि सातव्या दिवशी घरच्यांना घाम फुटला.

ताप फार दिवस टिकला म्हणून डॉक्टरांनी भंडाऱ्यात तिच्या हृदयाची सोनोग्राफी करवली होती. शनिवारी रिपोर्ट हातात पडेपर्यंत डॉक्टर निघून गेले होते. आता भेटणार सोमवारी. रिपोर्ट इंग्रजीत. तुलारामने तो साळ्याला दाखवला. साळा, म्हणजे प्रविण, साकोलीला पाइपाचं दुकान चालवत असे.

"भाऊजी, हृदयाची उजवी नळी दोन एमएम!" प्रविणचा चेहरा उतरला. "माह्या दुकानात ठिबकची सगळ्यात बारीक नळी चारची आहे."

"मंग हे दोनची कशी चालून राहिली?"

"तेच मी बी पाहून राहिलो."

तासाभरात शेजारचा कवडू आला. त्याच्या हृदयाच्या नळीत गेल्या वर्षी स्टेंटची जाळी बसवली होती, त्यामुळे या विषयावर गावात त्याचाच शब्द चाले. "माही जाळीच तीन एमएमची आहे. पोरीची तं नळीच दोनची! कुठं बसवतीन?"

तुलारामच्या आईने, मंदाबाईने, डोळ्याला पदर लावला. मग रक्षाचे पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत, असं ठरवलं आणि नळी मोकळी व्हावी म्हणून तिला तुपातला लसूण भरवायला सुरुवात केली. रक्षा लसूण थुंकायची आणि रडायची. रडली की सगळे तिची छाती चोळायचे. रविवारभर माणसं भेटायला येत राहिली. रक्षाची आई दामिनी चहा करून करून थकली, पण रात्री पोरीच्या छातीवर हात ठेवून जागीच राहिली.

सोमवारी पाच जण डॉक्टरांपुढे उभे राहिले. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. "छान आहे."

"दोन एमएम आहे, साहेब!" प्रविण म्हणाला.

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "एवढ्या तापात कधी कधी या नळ्या फुगतात. तेवढंच बघायचं होतं. फुगल्या नाहीत. चार वर्षांच्या निरोगी लेकराच्या साधारण एवढ्याच असतात. अंग वाढेल तशा वाढतील."

"आन् लसूण?" मंदाबाईने विचारलं.

"भाजीत घाला."

दामिनी तिथेच बाकावर बसून रडली. तीन दिवसांत पहिल्यांदाच.

घरी पोचले तर अंगणात माणसं वाट पाहत बसलेली. "काही नाही, सगळं नॉर्मल आहे," तुलारामने सांगितलं.

कवडूने मान हलवली. "मले बी पयले नॉर्मलच म्हणलं होतं."

"अवो, बारीक आहे तेच बरं आहे म्हणते डॉक्टर!"

तुलारामच्या डोक्यावर परिणाम झाला, असं एका म्हातारीने दुसरीच्या कानात सांगितलं. संध्याकाळपर्यंत डॉक्टरांनी हात टेकल्याची बातमी गावभर झाली आणि भेटायला येणारे दुप्पट झाले.

मंगळवारी सकाळी कवडू पुन्हा दारात. दामिनीने चहाचं भांडं चुलीवर ठेवलं, क्षणभर त्यात पाहिलं आणि खाली उतरवलं.

"आपरेशन झालं, भाऊ," ती म्हणाली.

"कवा?"

"कालच. दुर्बिणीनं. टाका बी नाही."

कवडूचा जीव भांड्यात पडला. बाहेर रक्षा कोंबडीमागे धावत होती. तिच्याकडे बघत तो उठला.

"पाह्य कशी पळते! मी म्हणतच होतो, वेळेवर केलं पायजे."

दुपारपर्यंत आपरेशनची बातमी गावभर झाली आणि कोणीच फिरकलं नाही. दामिनी भिंतीला टेकून झोपली.