चहा विचारणारा कॉम्प्युटर

करीमचाचांच्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम बंद करायला गेलं, की तो म्हणायचा, "जाऊन राह्यले का भाऊ? चहा घेऊन जा ना." आणि एवढं म्हणून स्वतःच गचकायचा.

मग चंद्रपुरात मी जिथं असेन तिथं निरोप. "मास्तर, गचकला ना पुन्हा! या लवकर." मी कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचो, म्हणून ही पीडा माझ्या कपाळी.

चाचा जुने रेडिओ मेकॅनिक. चालू वस्तू त्यांना बघवत नसे. शेजाऱ्यांचे पंखेसुद्धा त्यांनी खोलून 'सुधारले' होते. मुलगा अनीस परदेशी जाताना कॉम्प्युटर मागे ठेवून गेला, त्यात हा प्रोग्राम सापडला. तेव्हा इंटरनेटवर चर्चेचे गट असत, जगभरची माणसं तिथं प्रश्न टाकत. ते वाचायचा हा प्रोग्राम. ना चित्र, ना माऊस, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. त्यातल्या इंग्रजी सूचना चाचांना उर्मट वाटल्या. "'क्विट?' म्हणते! घरी आलेल्या माणसाले असं बोलते का कोणी?" झालं. मला छळून छळून त्यांनी एकेक सूचना रोमन अक्षरांत आपल्या बोलीत आणली. चार अक्षरांच्या जागेत अख्खं अगत्य कोंबलं. प्रोग्राम मरणार नाही तर काय!

मी वाक्य छाटायचो. चाचा पुन्हा वाढवायचे. "पोराबाळाचं विचाराचं राह्यलं होतं ना." आधी हसू यायचं, पुढं डोकं उठायला लागलं. एकदा एटापल्लीहून बसमध्ये हाडं खिळखिळी करून घरी आलो, तर दारात चाचा उभे. म्हटलं, आता बस्स! गेलो, आणि वाक्यांसाठी प्रोग्राममध्ये राखलेली जागाच मोठी करून टाकली. एक आकडा बदलायचं काम.

"चाचा, आता पानभर लिहा. गचकत नाई."

चाचांचा चेहरा उतरला. "कायमचा दुरुस्त झाला? मंग आता मी त्याले काय विचारू?"

"कोणाले?"

त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. असल्या बिघाडांचाही एक गट होता, आणि तिथं उत्तरं देणारा होता अनीस. पोरानं तिकडं परस्पर लग्न केलं म्हणून चाचांनीच त्याला बजावलं होतं, फोन करू नको. त्यानं केला नव्हता. चाचा मात्र दर बिघाडाला त्याला प्रश्न विचारत होते, तेही माझ्या नावानं! माझ्या मूर्खपणाची कीर्ती जगभर झाली होती. मी भडकणारच होतो, पण चाचांकडे बघवेना.

मग उत्तरं वाचली. लांबलचक, मायेनं लिहिलेली. चाचांनी प्रश्नात ते चहाचं वाक्य जसंच्या तसं दिलेलं, आणि अनीसचा सल्ला दर वेळी एकच: वाक्य थोडं कमी करा, पुन्हा बिघडलं तर जरूर लिहा. जागा वाढवा, असं एकदाही नाही. प्रोग्राम कोळून प्यायलेल्या पोराला एवढं ठाऊक नसेल?

"चाचा, त्याले खरा इलाज माहीत आहे. मुद्दाम सांगून नाई राह्यला. या चहावरून त्यानं तुमाले कवाच ओळखलं."

चाचा एकदम माझ्यावरच उखडले, "मंग तू काऊन दुरुस्त केला बे? कर पयल्यासारखा!"

मी खुर्ची ओढली आणि चांगला चाललेला प्रोग्राम बिघडवायला बसलो.