फळीखालचं डिझेल

वीज असो वा नसो, माझी गाडी थांबणार नाही! हे वाक्य मी आठवडाभर इतक्या वेळा ऐकवलं होतं, की शेवटी बायकोच ते स्वयंपाकघरातून पूर्ण करायची. पण माझंही बरोबर होतं. मी चक्क दुहेरी इंजिन आणलं होतं! खऱ्या इंजिनाची वीतभर प्रतिकृती. वर तार असली की विजेवर, तार संपली की डिझेलवर. बटण दाबलं की टपावरचा दांडा खाली बसतो आणि पोटातून डिझेलची घरघर सुरू होते.

रविवारी दुपारी सासरे बघायला येणार होते. सासरे म्हणजे रेल्वेतले निवृत्त गार्ड. आपली पितळी शिट्टी लायक माणसालाच देणार, असं त्यांनी जाहीर केलं होतं. मला ती शिट्टी हवीच होती. लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी त्यांच्या लेखी मी अजून वेटिंग लिस्टवर!

"अहो, वीज बंद करून एकदा चालवून तरी बघा," बायको म्हणाली.

"तू मला गाड्या शिकवू नकोस!"

सासरे आले. चार स्टुलांवर पातळ प्लायवूडची फळी, कडेने जमिनीपर्यंत चादर, वर रूळ आणि तार. इंजिनाने ऐटीत दोन फेऱ्या मारल्या. सासऱ्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मला तर शिट्टी खिशात आल्यासारखीच वाटली.

"आणि वीज गेली तर?" त्यांनी विचारलं.

"खुशाल जाऊ द्या, बाबा! डिझेल आहे ना!"

आणि वीज गेली! पंखा थांबला, इंजिन थांबलं. मी घाबरून वेगाचं बटण शेवटपर्यंत पिळलं. ढिम्म!

"हं, येऊ द्या तुमचं डिझेल," सासरे म्हणाले.

आता कसं सांगू? त्या इंजिनात डिझेलचा टिपूसही नव्हता. घरघरसुद्धा रुळांतल्या विजेवरच व्हायची! हे मला माहीत होतं, फक्त बढाईच्या भरात विसरलो होतो.

"टाकी खालून उघडावी लागते," असं म्हणून मी हत्यारांच्या डब्यातलं लोहचुंबक उचललं आणि फळीखाली शिरलो. चुंबक फळीला लावून हळूहळू सरकवू लागलो आणि तोंडाने सुरू केलं, "घुर्रर्र... घुर्रर्र..."

"चाललं की!" सासरे वरून म्हणाले.

माझ्या अंगात बळ आलं. तेवढ्यात नाकात धूळ गेली. "घुर्र... आक्छी!"

"हे काय?"

"नवीन आहे ना, बाबा, ठसकतं जरा," बायकोने सावरून घेतलं.

मग वर खडखडाट झाला, काहीतरी आपटलं, बायको किंचाळली. मला वाटलं, कौतुक चाललंय! मी आणखी जोर लावला, वर एक लांबलचक भोंगाही दिला.

चादर उचलली गेली. सासरे वाकून बघत होते. त्यांच्यामागे पंखा गरगरत होता.

"जावईबापू, वीज येऊन दोन मिनिटं झाली. वीज येताच तुमचं इंजिन भरवेगात सुटलं आणि उडून माझ्या मांडीवर पडलंय. तुम्ही कुठली गाडी ओढताय?"

मी चुंबकासकट रांगत बाहेर आलो. लाजेने कान तापले होते. सासऱ्यांनी खिशातून शिट्टी काढली. माझा हात आपोआप पुढे झाला.

त्यांनी ती बायकोच्या हातात ठेवली. "इंजिन कुणीही चालवो, पोरी, निघायचं कधी ते गार्ड ठरवतो. हे फळीखाली शिरले की वाजव."

शिट्टी घरातच राहिली, एवढं समाधान आहे. परवा मी पाहुण्यांना नुसतं म्हणालो, "आमच्या इंजिनाचं वैशिष्ट्य असं..." आणि स्वयंपाकघरातून शिट्टी वाजली.