बोहनीचे अकरा रुपये

मी आता जे सांगतो, त्यातला एक शब्द बी तुले खरा वाटनार नाई. वाटला तं ही अख्खी वांग्याची टोपली तुही. बस त्या पोत्यावर. मोबाईल आंदी खिशात घाल, मंग आयक.

हे समोरचं भांड्याचं दुकान केशरीचंदचं. रिसोडच्या बाजारात तीस वर्सं झाले, मानसानं कोनाचा रुपया उधार घेतला नाई. (देल्ला बी नाई, हे बी सांगून टाकतो.) पावतीचं मात्र भारी वेड. गाईले चारा टाकल्यावर गाईनं पावती देल्ली असती, तं यानं फाईलले लावली असती.

दुसरं वेड बोहनीचं. बाप सांगून गेलता म्हने, शटर वर गेल्यावर पह्यला आलेला मानूस रिकाम्या हातानं धाडू नको, नाईतं दिवसभर चमचा बी खपनार नाई. मंग मांगनारा येवो का वर्गनीवाला, केशरीचंद अकरा रुपये काढते. कुरकुर करते, पन काढते.

मांगच्या वर्सी एका सकायी शटर अर्धं वर, केशरीचंद अगरबत्ती ओवायून राह्यला, अन् आला एक वसुलीवाला. गयात पट्टा, काखेत बॅग. त्याले हे दुकान समोर भाजी विकनाऱ्या एका म्हातारीनं दाखवलं होतं. (काहून दाखवलं, थे मागून.)

"केशरीचंद तुमीच काय?"

"मीच."

"मोटरसायकलचे हप्ते थकले तुमचे."

"भाऊ, मी दुसऱ्याच्या गाडीवर बसतो तं डोये मिटून बसतो. मी कायले गाडी घेऊ?"

वसुलीवाल्यानं कागद दाखवला. नाव केशरीचंद. पत्त्यात नुसतं रिसोड. फोटोची झेरॉक्स अशी काई, की त्यात केशरीचंद बी बसते अन् पोयीचा तवा बी बसते.

"हा मी नोहे."

"नसान. पन काहीतरी द्या. साहेबाले तोंड दाखवाचं हाय."

केशरीचंदनं रस्त्याकडे पाह्यलं. गिऱ्हाईक एक नाई. हा पह्यला. हा रिकामा गेला तं दिवस गेला. त्यानं गल्ल्यातून अकरा रुपये काढले अन् तयहातावर ठेवले.

"पावती द्या."

"पावतीले पॅन नंबर लागते."

अन् या शहान्यानं अकरा रुपयाच्या पावतीपाई पॅन नंबर देल्ला. हात जोडून देल्ला.

दुसऱ्या महिन्यात थो पुन्हा आला. शटर वर जाच्याच टाईमले. त्याले नस सापडली होती. असे पाच महिने. पाच अकरं पंचावन्न. पाची पावत्या फाईलले, भोकं पाडून.

मंग त्याच्या रुचिकाचा नंबर लागला अकोल्याले, नर्सिंगले. पोरगी दोन वर्सं रात्रंदिवस घोकत होती. फी भराले एकोनीस दिवस. केशरीचंद जिंदगीत पह्यल्यांदा कर्ज मांगाले बँकेत गेला, धुतलेला सदरा घालून. रंजीता मॅडमनं कम्प्युटर पाह्यला अन् त्यायचं तोंड उतरलं.

"काका, पाचशे बारा दिसतात तुमचे."

केशरीचंदनं पाकीट काढलं. "हे घ्या, आत्ताच भरतो."

"रुपये नाहीत काका. तो तुमचा स्कोअर आहे. कर्जफेडीचे गुण."

"मंग पाचशे बारा तं लय झाले. रुचिकाले बी एवढे नाई पडले."

"नऊशेपैकी, काका. तुमच्या पॅन नंबरावर मोटरसायकलचं थकलेलं कर्ज आहे. हे नीट झाल्याशिवाय माझ्या हातात काही नाही."

फाईल काखेत मारून उठला बिचारा. तसाच एसटीत बसून वाशीमले गेला, वसुलीच्या हाफिसात. तठी उदयसिंग म्हनून साहेब. समोसा खाऊन राह्यला होता.

"कर्ज तुमचं नाई तं पाच हप्ते कायले भरले?"

"हप्ते नोहे साहेब. बोहनी होती."

उदयसिंगनं बोट पुसलं, मशीन पाह्यलं. "आमच्यात बोहनीचा रकाना नाई."

"मी पह्यल्याच दिवशी सांगतलं, मी थो नोहे म्हनून."

"सांगतल्याची पावती हाय?"

हे मात्र त्याच्या फाईलले नव्हतं.

"आमच्या मानसाले तुमच्या समोरच्या भाजीवालीनं दुकान दाखवलं, तिचं लिहून आना," साहेब म्हने. "मंग वर पाठवतो."

आला माघारी. माह्यासमोर उभा राह्यला, इथीच, तू बसला तठी. हो, मीच थे म्हातारी. आता कपायाले आठ्या कायले पाडतं?

"आवडाबाई, खरं सांग. तुले माहीत होतं?"

होतं. थो दुसरा केशरीचंद मुयचा कामरगावचा, इथी भाड्यानं राहे, अंगानं वायलेल्या शेंगेसारखा. माह्या कोथिंबिरीवर मोटरसायकल उभी करून बसस्टँडवर जाये. पन त्या दिवशी या शेटनं पाच रुपयाच्या जुडीवर मूठभर फुकट ओढली होती. म्या म्हनलं, घे, होऊ दे गंमत. देल्लं बोट दाखवून.

त्यानं फाईलीतून पेन काढला. कागद देल्ला. म्या लिवलं, हा थो केशरीचंद नोहे. दुसरी पास हाय मी. नाव लिवलं, मोबाईल नंबर लिवला, खाली झोकात सही ठोकली.

नाव साफ झालं त्याचं. एकेचायीसाव्या दिवशी. रुचिकाचा नंबर गेलता एकोनीसाव्या दिवशी.

आता रुचिका तठी गल्ल्यावर बसते. पाह्य, थेच. संध्याकायी येते अन् इचारते, "आजी, मेथी कशी देल्ली?" शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं. देत नाई. मी जुडी तिच्या पिशवीत टाकतो, थे पैसे मोजून ठेवते. केशरीचंद कोथिंबीर नेत नाई. अन् शटर वर गेल्यावर पह्यला येते त्याले हातानंच सांगते, पुढं जा.

खोटं वाटते? मंग काढ थो मोबाईल, तुह्या वसुलीच्या हाफिसचाच हाय नं. कामरगाववाला तं फरार. माहा कागद त्यायच्यापाशी: नाव, नंबर, सही. साक्षीदाराचा रकाना बी नव्हता म्हने त्यायच्यात. वाच, काय लिवलं हाय थे. जामीनदार, आवडाबाई. म्हनूनच आला नं तू हप्ते मांगाले सकायी सकायी, माहं फडकं अंथरता अंथरता?

तं आयक. माही बोहनी नाई झाली अजून. तू पह्यला. अकरा रुपये तं सोडच, कोथिंबिरीची काडी बी भेटनार नाई तुले. काय म्हनतं, पानी? पानी बी नाई देत बाप्पा, त्याची पावती फाडशील.

ऊठ पोत्यावरून. जा आता.