व्यासराजची गोष्ठी

"मुलाला हौस कसली आहे?" असं मुलीच्या आईनं फोनवर विचारलं, तेव्हा कृष्णवेणीबाई अडखळल्या. व्यासराजला हौस होती, नाही असं नाही. एकच होती, आणि तिच्यापायी घरातल्या कपाटांत माइक आणि वायरी भरून साड्या ठेवायला जागा उरली नव्हती. पण सोयरीक जमवताना तोंडातून काढावी अशी ती हौस नव्हती. 'बँड' म्हटलं की चेन्नईच्या वेस्ट मांबलममधल्या माणसाच्या डोळ्यांपुढे एक तर वरात उभी राहते, नाही तर अंत्ययात्रा.

व्यासराज अंबत्तूरच्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीचा साहेब होता. पस्तिशी उलटलेली, पगार चांगला, व्यसन काही नाही. फक्त 'लास्ट बस टु एन्नोर' नावाच्या बँडचा तो भक्त होता. हा जॅम बँड. म्हणजे गाणं सुरू कसं होणार हे त्यांना ठाऊक असतं, संपणार कधी हे देवालाही ठाऊक नसतं. मधल्या वेळात ज्याला जे सुचेल ते तो वाजवतो आणि बाकीचे त्याच्या मागे जातात. त्यांचे चाहते स्वतःला 'पॅसेंजर' म्हणवून घेत. स्टुडिओत रेकॉर्ड केलेलं संगीत हे बहिऱ्यांसाठी असतं, असं पॅसेंजर मंडळींचं ठाम मत होतं. खरं संगीत समोर वाजताना ऐकायचं असतं, असं ते एकमेकांना सांगत आणि समोर वाजायला लागलं की माइक लावून रेकॉर्ड करत बसत. कारखान्याच्या बसमध्ये व्यासराजच्या शेजारची जागा कायम मोकळी असे, कारण 'राख' हे गाणं वेल्लोरला वाजलं तसं पाँडिचेरीला का वाजलं नाही, हे तो अंबत्तूर येईपर्यंत समजावून सांगत असे.

अशा माणसाला मुलगी मिळायची कुठून? त्यातून तंजावरकडची मराठी घरं मोजकी. गोत्र जुळलं तर वय जुळत नाही, आणि दोन्ही जुळली तर मुलगी नात्यानं मावशी निघते. फोनवरच्या बाईंची मुलगी कीर्तना ही मावशी निघाली नव्हती, हेच मोठं भाग्य होतं. बँकेत नोकरी, वयानं शोभणारी आणि घर चार गल्ल्या पलीकडे. हे स्थळ हातचं गेलं तर पुढचं कोइमतूरला शोधावं लागणार होतं. तेव्हा कृष्णवेणीबाईंनी श्वास घेतला आणि खरं तेच सांगितलं.

"काही मंडळी आहेत, अंबुजाबाई. त्यांच्या मागं मागं तो गावोगाव जातो. खाली मांडी घालून बसतो, डोळे मिटून. एकेक पद अर्धा-अर्धा तास चालतं, तरी हलत नाही. परत घरी येऊन तेच ऐकतो."

"अय्यो, एवढी भक्ती?" अंबुजाबाई म्हणाल्या. "गोष्ठी आहे का त्यांची?"

"हो. गोष्ठीच म्हणायची," कृष्णवेणीबाई म्हणाल्या.

गोष्ठी म्हणजे तिकडच्या घरांमधली भजनाला बसणारी मंडळी. कृष्णवेणीबाई खोटं काहीच बोलल्या नव्हत्या. फक्त समोरून आलेला शब्द त्यांनी परत पाठवला नाही.

कीर्तनाचे वडील बालाजीराव रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांची स्वतःची गोष्ठी होती आणि तिच्यात येणाऱ्यांचं सरासरी वय दरवर्षी एका वर्षानं वाढत होतं. पस्तिशीतला मुलगा भजनाच्या मागे गावोगाव फिरतो, हे ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी त्याच संध्याकाळी व्यासराजला फोन लावला.

"रविवारी आमच्याकडं राधाकल्याण आहे, भजनं म्हणत देवाचं लग्न लावायचंय. तुमची गोष्ठी घेऊन या. त्या निमित्तानं मुलगीही बघून होईल."

"माझी म्हणजे... त्यांना सांगून बघतो, मामा," व्यासराज म्हणाला. आईनं त्याला गोष्ठीचा खुलासा केला होता, तो असा की "मी सगळं सांगितलंय, त्यांना चालतंय." तेव्हा तो मोकळेपणानं पुढं म्हणाला, "पण ते एकदा सुरू झाले की वेळेचं काही खरं नसतं."

"वेळ बघून बसणाऱ्यानं बसूच नये," बालाजीराव म्हणाले.

व्यासराजनं फोन ठेवला आणि लगेच बँडला मेसेज टाकला. असा सासरा शोधूनही सापडला नसता.

आता बँडशी आपली घसट आहे असं व्यासराज सगळ्यांना सांगत असला, तरी बँडच्या दृष्टीनं तो 'मागच्या वेळी हे बरं झालं होतं' म्हणून मेसेज पाठवणारा इसम होता. तरीही ड्रम वाजवणाऱ्या अलकनंदानं लगेच होकार दिला. कारण ते जिथं वाजवत, त्या नुंगमबाक्कमच्या हॉटेलवाल्यानं नुकतंच त्यांना हात जोडले होते. पॅसेंजर मंडळी एक लिंबू सोडा मागवून अख्खी संध्याकाळ बसत, आणि बँडला टाळ्या मिळत असल्या तरी हॉटेलला काही मिळत नसे.

"जेवण असेल?" अलकनंदानं विचारलं.

"केळीच्या पानावर," व्यासराज म्हणाला.

रविवारी सकाळी बालाजीरावांच्या मंडपाच्या दाराशी टेम्पो उभा राहिला आणि त्यातून दोन माणसांएवढे स्पीकर उतरले. मग गिटारी उतरल्या. मग ड्रमचा संच उतरला. बालाजीराव सोवळं सावरत पायरीवर आले.

"हार्मोनियम मागून येतेय का?" त्यांनी विचारलं.

कृष्णवेणीबाई लगबगीनं पुढं झाल्या. "यांची पद्धत जरा नवी आहे," त्या म्हणाल्या. "तो मृदंगच आहे. जरा जास्त आहेत, एवढंच."

गोष्ठीतल्या म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. तेवढ्यात अलकनंदानं चपला बाहेर काढल्या, आत येऊन राधाकृष्णाच्या तसबिरीला हात जोडले आणि ड्रमची जागा बघायला लागली. बालाजीराव तिच्याजवळ गेले.

"अम्मा, तुमचं पद किती वेळाचं असतं?"

"ठरलेलं नसतं, मामा. एकजण एक ओळ धरतो. मग ज्याला सुचेल तो वाढवतो, बाकीचे मागं जातात."

"आणि थांबता कधी?"

"सगळ्यांचं पोट भरलं की."

"मग हे आमचंच की," बालाजीराव म्हणाले आणि बायकांकडे वळून त्यांनी कापी, म्हणजे फिल्टरची कॉफी, आणायला सांगितलं.

आणि खरोखर तसंच झालं. गोष्ठीनं एक नामावळी धरली, ती गिटारवाल्यानं उचलली. त्यानं ती जरा वाकवली, तशी म्हाताऱ्यांनी ती वाकलेलीच परत म्हटली. अलकनंदानं टाळांवर कान ठेवून ताल पकडला. पंधरा मिनिटांत पुढं कोण आणि मागं कोण हे सांगता येईना. एक सत्तरीच्या आजी उठून फेर धरायला लागल्या. बँडला असे श्रोते जन्मात मिळाले नव्हते, कारण यांच्यातला एकहीजण मोबाइल वर करून उभा नव्हता.

एकट्या व्यासराजचा जीव कासावीस होत होता. त्यानं मंडपाच्या मधोमध स्टँडवर दोन माइक लावले होते, कानांवर मोठे हेडफोन चढवले होते आणि यंत्राच्या आवाज मोजणाऱ्या काट्यावर नजर रोखली होती. छत पत्र्याचं होतं, त्यामुळे टाळ वाजले की आवाज घुमून काटा लाल रंगात जायचा. एक आजोबा "आहा" म्हणाले, त्यांच्याकडे वळून त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"श्श. रेकॉर्डिंग चाललंय."

"भजनात 'आहा' म्हणायचं नाही?" आजोबांनी आपल्या बायकोला विचारलं.

मग तो वाकून चालत ड्रमपर्यंत गेला आणि अलकनंदाच्या कानाशी लागला. "वेल्लोरला तुम्ही इथं थांबला होतात." अलकनंदानं त्याच्याकडे न बघता झांज वाजवली, ती नेमकी त्याच्या कानाशेजारची होती. तो परत येऊन बसला. तेवढ्यात शेजारी कुणीतरी कापीचा टंबलर घेऊन आलं. त्यानं वर न बघता हातानंच ते लांब ठेवायला सांगितलं, कारण टंबलर खालच्या डबऱ्याच्या वाटीवर आपटला असता तर माइकनं पकडला असता.

थोड्या वेळानं खांबापलीकडच्या बायकांमधून एक आवाज वर गेला. मोकळा, जरासा खरबरीत आणि कुणालाही न घाबरणारा. गिटार त्याच्या मागं गेली, मग ड्रम गेले, मग सगळा मंडप गेला. बालाजीरावांनी डोळे पुसले. व्यासराजनं काटा खाली आणला.

पानं वाढेपर्यंत बारा वाजून गेले होते. बँडनं दोनदा भात घेतला. कृष्णवेणीबाईंनी मात्र घास कसाबसा गिळला आणि परतताना रिक्षात बसल्या बसल्या विचारलं,

"मुलगी कशी वाटली?"

"कुठली मुलगी?"

"राजा, तिनं स्वतः येऊन तुला कापी दिली."

व्यासराजनं आठवून बघितलं. त्याला फक्त टंबलर आठवला. कृष्णवेणीबाईंनी पदर डोळ्यांपर्यंत नेला आणि परत खाली घेतला. त्यांना रडू येत होतं आणि रिक्षात रडायची त्यांची तयारी नव्हती.

पण दैव पाठीशी होतं. संध्याकाळी अंबुजाबाईंचाच फोन आला. "आमच्या यांना मुलगा फार आवडला. मान वर करून एकदा म्हणून बघितलं नाही हो मुलीकडं. आजकाल असे संस्कार कुठं राहिलेत? कीर्तनासुद्धा म्हणाली, एवढं तल्लीन होऊन ऐकणारा माणूस तिनं पाहिला नाही. शुक्रवारी बोलणी करायला येतो."

कृष्णवेणीबाईंनी देवाजवळ दिवा लावला आणि पोराला सांगितलं, "शुक्रवारपर्यंत तोंड उघडू नकोस." व्यासराजनं तोंड उघडलं नाही. रात्रीचं जेवण झाल्यावर त्यानं फक्त पॅसेंजरांच्या ग्रुपवर रेकॉर्डिंग चढवलं आणि खाली सर्व पॅसेंजरांच्या सोयीसाठी दोन ओळी लिहिल्या: 'एकूण प्रवास बरा. पण अर्ध्यानंतर खांबाआडून कुणी बाई गायला लागते आणि बस रस्ता सोडते. तो मधला भाग पुढं ढकलून ऐकावा. बाईचा आवाज काढून टाकता येतो का, ते बघतोय.'

सकाळी उठून बघतो तर ग्रुपवर धुमाकूळ. 'ही बाई कोण?' 'बँडला इतक्या वर्षांत एवढं वर कुणी नेलं नव्हतं.' 'मधलाच भाग चार वेळा ऐकला.' व्यासराज खवळला. ज्या लोकांना वेल्लोर आणि पाँडिचेरीतला फरक कळत नाही, त्यांनी त्याला शिकवावं? त्यानं अंबत्तूरला पोचेपर्यंत बसमधून एकेकाला उत्तर दिलं. त्या बाईला तालाचं ज्ञान बेताचं आहे, हे त्यानं तीन प्रकारे सिद्ध केलं. जेवणाच्या सुट्टीत चौथा प्रकार सुचला, तोही लिहिला.

संध्याकाळी तो घरी येऊन बसतो तोच बालाजीरावांचा फोन आला. कृष्णवेणीबाई कापीचा टंबलर हातात घेऊन जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"रेकॉर्डिंग ऐकलं," बालाजीराव म्हणाले. "ड्रमवाल्या पोरीनं पाठवलं. फार स्वच्छ झालंय. आमच्या कीर्तनाचा आवाज तर समोर बसून गातेय असा येतो."

व्यासराजनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "कुणाचा आवाज, मामा?"

"कीर्तनाचा. खांबाआड बसली होती ना. खाली तुम्ही लिहिलेलंही वाचलं. सगळं वाचलं. दुपारचंही."

"मामा, मला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक नव्हतं म्हणून तर खरं लिहिलंत." बालाजीरावांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे व्यासराजला जास्तच लाज वाटली. "कीर्तना चिडली नाही. हसली. म्हणाली, अप्पा, हे गृहस्थ जन्मभर माझ्या बोलण्यातला मधला भाग पुढं ढकलून ऐकतील. तेव्हा शुक्रवारचं राहू द्या."

कृष्णवेणीबाईंना शब्द ऐकू येत नव्हते, पण पोराचा चेहरा दिसत होता. 'माफी माग' असं त्या ओठांनीच सांगू लागल्या. व्यासराजला वाईट वाटत होतं. खरंच वाटत होतं. पहिल्यांदाच त्याला कीर्तनानं रविवारी आणून दिलेली ती कापी प्यायला हवी होती असं वाटलं.

"आणखी एक," बालाजीराव म्हणाले. "त्या बँडनं कीर्तनाला गायला बोलावलंय. आमची गोष्ठीही जाणार आहे बरोबर. पुढच्या महिन्यात अड्यारला कार्यक्रम. रेकॉर्डिंगला माणूस पाहिजे, आणि सगळे म्हणतात, तुमच्याइतकं स्वच्छ कुणी करत नाही. सोयरिकीचा संबंध नाही यात. नको असेल तर नको म्हणा, आम्हाला वाईट वाटणार नाही."

कृष्णवेणीबाईंनी आता टंबलर खाली ठेवून हात जोडले होते. एवढ्यावर पोरानं रडावं, कीर्तनाशी बोलू द्या म्हणावं, निदान चूक झाली म्हणावं, मग पुढचं त्या स्वतः बघून घेणार होत्या. व्यासराजनं घसा साफ केला.

"मामा," तो शेवटी हळव्या आवाजात म्हणाला, "तिथलं छत पत्र्याचं आहे की सिमेंटचं?"