आधी तुमची किल्ली

टेम्पो नव्या घरासमोर थांबला आणि घड्याळजींनी मान वर करून पाहिलं. खिडकीत अजून दुसऱ्याच कोणाचा पडदा होता, आणि आधीच्या भाडेकरू नर्सबाई बांधलेल्या गाठोड्यावर बसून डोळे पुसत होत्या.

गावात माणसं भराभर वाढली, घरं मात्र होती तेवढीच राहिली. घड्याळजींकडे जुळं झालं, तेव्हा कुठं मोठ्या मिनतवारीनं या दोन खोल्या ठरल्या होत्या. समोरच्या ओट्यावर एक बाई लहान मुलीला घेऊन बसली होती. हीसुद्धा याच घरावर डोळा ठेवून असणार, या विचारानं त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"मी या घटकेला निघते हो," नर्सबाई म्हणाल्या, "पण मी जायचं त्या घरातल्या मास्तरांनी आधी घर सोडायला नको?"

टेम्पोवाल्याचं तोंड आधीच वाकडं झालं होतं. अंधार पडायच्या आत टेम्पो रिकामा झाला नाही, तर सामान रस्त्यावर उतरवीन, असं तो सकाळपासून बजावत होता. सामानाच्या ढिगावर घड्याळजींची बायको दोन्ही बाळांना बगलेत धरून बसली होती. आज रात्री या लेकरांना कुठं निजवायचं, या धास्तीनं घड्याळजी टेम्पोभोवती येरझाऱ्या घालायला लागले.

नर्सबाईंना पुढं बसवून टेम्पो ड्रॉइंगच्या मास्तरांकडे निघाला. मास्तरही सामान बांधून फाटकाशी उभेच. त्यांच्या नव्या खोलीतला माणूस म्हणे सकाळीच गेला, पण जाताना स्वतःचं कुलूप ठोकून गेला. घरमालक हात चोळत बसलाय.

घड्याळजींच्या भीतीचा एकदम संताप झाला. असल्या माणसाला भर चौकात उभा केला पाहिजे, लेकराबाळांचे तळतळाट लागतील त्याला, असं ते बरंच काही बोलले. नर्सबाईंनीही हात धुवून घेतले.

"कुठली हो खोली?" घड्याळजींच्या बायकोनं विचारलं.

"लाँड्रीच्या वरची."

घड्याळजींचा हात खिशावर गेला. लाँड्रीच्या वरच्या खोलीची किल्ली त्यांच्याच खिशात होती. नव्या घरात पाऊल पडेपर्यंत जुनी किल्ली सोडायची नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. बायको त्यांच्याकडे बघत राहिली. मग मास्तरही बघायला लागले.

किल्ली बाहेर निघाली, पण मुठीतून सुटेना. ही गेली आणि ती नाही मिळाली तर? आधी नर्सबाईंची, घड्याळजी म्हणाले. नर्सबाई म्हणाल्या, आधी मास्तरांची. मास्तर म्हणाले, आधी घड्याळजींची. तिघंही आपापली किल्ली छातीशी धरून उभे राहिले, आणि ऊन उतरायला लागलं.

शेवटी टेम्पोवाल्यानंच तिघांच्या किल्ल्या हिसकावल्या आणि ज्याला जी हवी ती त्याच्या हातात कोंबली. मग त्यानं दोन हातगाड्या धरून आणल्या, मास्तरांची कपाटं स्वतः पाठीवर घेतली, नर्सबाईंची गाठोडी वाहिली. दिवेलागणीला तो नव्या घरासमोर घड्याळजींची शेवटची ट्रंक उतरवत होता.

घड्याळजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माझ्यामुळं तुमचा फार खोळंबा झाला," ते कसेबसे म्हणाले.

टेम्पोवाल्यानं टेम्पो आतून झाडला, सीटखालची सतरंजी काढून अंथरली, मागच्या बाजूला पडदा अडकवला आणि समोरच्या ओट्याकडे बघून हाक मारली.

"या गं दोघी. आपलं घर रिकामं झालं."